बिघडलेला मोबाईल परत करताना

मोबाईल हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही, हे सभासदांना वेगळे सांगावयास नको. आपल्या जव्हार-मोखाड्याकडे पुष्कळ घरांत चांगला मोबाईल एकच असतो आणि साऱ्या घराचे दप्तर त्यातच असते. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा फोटो, वडिलांचे आधारकार्ड, आईच्या बचत गटाचे पासबुक, शिवाय घरगुती छायाचित्रे. असा सेट बिघडला की आपण तो दुकानात देतो, पावती खिशात घालतो आणि निर्धास्त होतो.

दुरुस्तीला दिलेला सेट निदान परत तरी येतो. बदलून नवा मिळाला तर जुना कंपनीकडेच राहतो, आणि असे सेट पुष्कळदा दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. किरकोळ बिघाड मुद्दाम करून त्यांनी लॅपटॉप १२ दुकानांत दिले. पैकी ६ दुकानांत मालकाची खासगी माहिती उघडून पाहिली गेली व २ ठिकाणी तिची नक्कलही करून घेतली गेली. स्त्रियांच्या नावाने दिलेल्या यंत्रांत हे अधिक घडले. बिघाड आवाजाचा होता. त्यासाठी फोटो उघडण्याचे कारणच नव्हते! आपल्याकडील सर्व कारागीर असेच वागतात असे माझे म्हणणे नाही, परंतु विद्यार्थिनींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

सेट चालू असेल तर काम सोपे आहे, फक्त क्रम चुकू नये. प्रथम फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत; माहिती गेल्यास कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. नंतर गुगल खाते सेटमधून काढावे, कारण ते राहून गेल्यास पुसलेला सेटही जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो. मग सेटिंगमध्ये जाऊन 'फॅक्टरी रिसेट' करावे. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड स्वतःच्या हाताने काढून घ्यावे. मेमरी कार्ड रिसेटने पुसले जाईलच असे नाही. सिम तर कधीच सेटबरोबर देऊ नये; आधारचा आणि बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

खरी अडचण पडदा गेलेल्या सेटची. सेट आतून चालू असेल तर दुसऱ्या मोबाईलवरून आपल्या गुगल खात्यात शिरून 'फाइंड हब'मधून तो दुरूनच पुसता येतो. मात्र त्यासाठी सेटला इंटरनेट हवे, म्हणून हे काम सिम काढण्याच्या आधी करावे. सेट पूर्णच बंद पडला असेल तर गुगलचा पासवर्ड बदलावा, त्या सेटवरील खाते दुरून बंद करावे, आणि सिम दुसऱ्या मोबाईलमध्ये घालून यूपीआयची नोंदणी तेथे नव्याने करावी.

अलीकडील सेटमधील माहिती सांकेतिक रूपात साठविलेली असते व पिनवाचून ती वाचता येणे फार कठीण असते. परंतु तोच पिन आपण दुकानाच्या पावतीवर लिहून देतो, याला काय म्हणावे? बँकेतही काही ग्राहक एटीएमचा पिन कार्डाच्या पाकिटावरच लिहून आणतात, त्यातलाच हा प्रकार. तपासणीसाठी सेट उघडणे भागच असेल तर समोर उभे राहून आपणच उघडून द्यावा. सॅमसंगने २०२२ पासून व गुगलने २०२३ पासून आपल्या काही सेटमध्ये दुरुस्तीची वेगळी सोय दिली आहे. ती चालू केली की कारागिराला आपली माहिती दिसत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलातील मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्यास देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल मात्र जपून ठेवलेले हवे.

दिवाळीनंतर आपल्या भागातील कित्येक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. तेथे नाक्यावरच्या दुकानात दिलेला सेट काम संपल्यावर तसाच मागे राहू शकतो. शिकलेल्या मुलांनी आईवडील निघण्यापूर्वीच घरातील कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि मेमरी कार्ड कसे काढायचे ते त्यांना एकदा करून दाखवावे.