त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

पैठण तालुक्यातील ज्या जिल्हा परिषद शाळेत तू गेल्या महिन्यात आपल्या वाटचालीची हकीकत सांगावयास गेला होतास, तेथील मुख्याध्यापक काल घरी येऊन गेले. तुझ्या वक्तृत्वाची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. पण उठता उठता जी एक गोष्ट ते बोलून गेले, तिने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. दहावीतील एका मुलीने उभे राहून, "सर, शिकायला पैसे कुठून आणले?" असे विचारले असता, "इच्छाशक्ती असली की पैशावाचून काही अडत नाही," एवढे बोलून तू पडद्यावरील पुढच्या चित्राकडे वळलास, हे खरे काय?

बाळ, पैशावाचून अडले होते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तुझे नाव लागले त्याच आठवड्यात तुझ्या आईच्या, अक्काच्या हातांतील पाटल्या सराफ्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. भाऊजींनी खालच्या अंगाचे रान गहाण टाकले. गणिताचा एम-थ्री हा विषय दोनदा राहिला तेव्हा तू महिनाभर कोणाशी बोलत नव्हतास, आणि अक्का तुझे ताट झाकून बसून राही. हे सारे आपल्या घराला ठाऊक आहे; त्या वर्गाला मात्र वाळूजच्या कारखान्यातील तुझे पद तेवढे कळले. मग ती मुलगी घरी जाऊन काय समजली असेल? आपल्या घरी पैसा नाही, म्हणजे आपली इच्छाच अपुरी, असेच ना? माझे सारे भय या एका ठिकाणी आहे.

१९५० साली ज्यांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले, त्या बाबासाहेबांचे चरित्र पाहा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली अमेरिकेस गेले. तिची मुदत सरताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आणि प्राध्यापकीच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून उसनी घेतलेली रक्कम, एवढे जुळले तेव्हा कुठे १९२० साली त्यांना पुन्हा विलायत गाठता आली. त्या पुरुषाच्या इच्छाशक्तीत का काही न्यून होते?

मुलांना सांगायचे ते असे सांग, की उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता सेतू केंद्रातून काढून ठेवावा. जात पडताळणीचे प्रकरण अकरावी-बारावीतच दाखल करावे, कारण एका कागदापायी हाताशी आलेली जागा जाते. आणि फीची सवलत मिळाली तरी खोलीभाडे व खानावळ यांचा खर्च उरतोच. तुला स्वतःला किती लागले, तो आकडाही सांग.

मी इतके निकराने लिहितो, याला कारण आहे. १९६५ साली शास्त्रीजींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, त्या सुमारास मी पैठणला शाळेत होतो. धरणाच्या कामावरील एक इंजिनिअर आमच्या वर्गात आले, त्यांनी खडूने फळ्यावर मातीच्या धरणाचा छेद काढला, त्याच्या पोटातील काळ्या मातीचा गाभा तिरप्या रेघांनी भरला, आणि मी श्वास रोधून पाहत राहिलो. अर्ज कोठे मिळतो आणि वसतिगृहाला काय पडते, हे दोन प्रश्न ओठांवर आले होते. ते विचारण्याचा धीर झाला नाही. पुढे पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो, आणि इंजिनिअरांच्या सह्यांसाठी नस्त्या सादर करता करता निवृत्त झालो. त्या नोकरीने संसार चालविला, तिची निंदा मी करणार नाही. परंतु त्याच धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या बाजूला गेलो की आजही तो फळा दिसतो. त्या मुलीला धीर झाला, बाळ. भर वर्गात, पाहुण्यांसमोर उभी राहून तिने विचारले.

रागावून लिहीत आहे असे समजू नकोस. सुटीचा एकुलता दिवस मोडून, पदरचे पेट्रोल जाळून परक्यांच्या मुलांकडे जावे, ही बुद्धी तुला झाली याचा मला केवढा अभिमान आहे, हे मामीला विचार. कदाचित त्या मुलीचा प्रश्न ऐकून तुझाच कंठ दाटून आला असेल आणि म्हणून तू चटकन पुढे गेला असशील, असेही आज पहाटे मनात आले. तसे असेल, तर तुला मी आणखी काय बोलू?

एवढेच कर. त्याच शाळेत पुन्हा एकदा जा, आणि या खेपेस अक्काला बरोबर ने. तिने बोलायला हवे असे नाही. ती पुढच्या बाकावर बसली म्हणजे तुझ्या तोंडून सारे आपोआप येईल. तिचे गुडघे अलीकडे फार दुखतात, तिला एस.टी.ने नेऊ नकोस, आपल्या गाडीने ने, आणि परतताना दोघेही जेवायला इकडेच या.

तुझा,
मामा