उत्तर आधी वहीत

ठाणे

चि. मृणाल,

ताईचा फोन आला होता. डिप्लोमाला तुला ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, आणि वर्गातली मुलं म्हणतात, ही जुनाट भाषा आता कशाला? जुनी आहे खरी. डेनिस रिची यांनी ती १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. पण तुझ्या फोनमधल्या अँड्रॉइडच्या तळाशी जे लिनक्स आहे, ते बहुतांशी सीमध्येच लिहिलेलं आहे. तेव्हा मुलांचं ऐकू नकोस, मन लावून शीक.

कॉलेजात अजून टर्बो सीचा निळा पडदा असेल, तर प्रॅक्टिकल तिथे कर, पण घरी जीसीसी कंपायलर टाक. तो फुकट मिळतो आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. टर्बो सीमध्ये ‘इंट’ला दोनच बाइट मिळतात, म्हणजे ३२,७६७च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. दोन इंटमध्ये २००-२०० ठेव आणि गुणाकार छापून बघ. ४०,००० यायच्या जागी उणे २५,५३६ येतील. एरर मात्र एकही येणार नाही. मृणाल, मला तुला हेच सांगायचं आहे. कंपायलर मुख्यतः व्याकरण तपासतो. हिशेब बरोबर आहे की नाही, ते तुलाच बघायचं आहे.

म्हणून पहिला खरा प्रोग्रॅम तुझ्या गावचाच लिही. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत प्रत्येकाचं तापमान वेगवेगळं असतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून घे (तापाचा नको, तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो) आणि मोठ्या माणसाला सोबत नेऊन मोजून ये. मग सेल्सियसचं फॅरनहाइट करणारा तक्ता लिही. नऊ भागिले पाच, गुणिले सेल्सियस, अधिक बत्तीस. हे जसंच्या तसं टाइप केलंस तर ५० अंशांचे ८२ होतील. खरं उत्तर १२२ आहे. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की सी भागाकारातला अपूर्णांक टाकून देते, त्यामुळे नऊ भागिले पाच म्हणजे तिच्या लेखी एक. ९.० आणि ५.० लिहिलंस की काम झालं. छापताना ‘पर्सेंट डी’ नको, ‘पर्सेंट एफ’ हवं.

८२ हा आकडा दिसायला अगदी खरा वाटतो, म्हणूनच तो घातक. उणे आकडा आला असता तर तू लगेच दचकली असतीस. रन करण्याआधी दोन-तीन उत्तरं वहीत काढून ठेवायची ती यासाठीच. अंगाचं तापमान ३७ म्हणजे ९८.६, हे तर घरात सगळ्यांना पाठ असतं; आधी तेच घालून बघ. पूर्वी तर याला पर्यायच नव्हता. १९६४मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला, तेव्हा लोक फोरट्रानचे प्रोग्रॅम पंच केलेल्या कार्डांवर देऊन उत्तराची वाट बघत. पुन्हा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसे, म्हणून कागदावर तपासल्याशिवाय कार्डं देणं परवडायचंच नाही. तुला उत्तर क्षणात मिळतं, म्हणून ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

एररची लांबलचक यादी आली तर फक्त सर्वांत वरची वाच, ती दुरुस्त कर आणि पुन्हा कंपाइल कर. एक महिरपी कंस राहिला तर खालच्या दहा ओळी उगाच दोषी ठरतात. वॉर्निंगही सगळ्या चालू ठेव. ‘स्कॅनएफ’मध्ये अँपरसँड विसरलीस तर त्याच सांगतील.

पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ घे, त्यातलं इंग्रजी तुला जड जाणार नाही. पण आवृत्ती नवी घे, जुन्या टर्बो सीवर बेतलेल्या आहेत. कर्निघन-रिचींचं सीवरचं पुस्तक सुंदर आहे, पण थोडा हात बसल्यावर वाच. ते अगदी नवख्यांसाठी लिहिलेलं नाही. आणि प्रोग्रॅम मैत्रिणीकडून कॉपी करून आणू नकोस, स्वतःच्या बोटांनी टाइप कर.

नवरात्रात तुमच्याकडच्या देवीच्या दर्शनाला येईन, तेव्हा पॉइंटर घेऊ. तोवर अ‍ॅरेपर्यंत पोच, आणि कुंडांचा तक्ता वहीच्या पानासकट फोटो काढून पाठव.

तुझी,
मावशी