खिडक्या कोणाच्या?

सान फ्रान्सिस्को येथील एका विस्तीर्ण सभागृहात ९ डिसेंबर १९६८ रोजी सुमारे एक हजार संगणकतज्ज्ञ जमले होते. व्यासपीठावर एक मृदुभाषी गृहस्थ खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर कळफलक होता, उजव्या हाताखाली एक लहानशी पेटी होती आणि सभेला दिसेल असा भव्य पडदा होता. त्यांनी पेटी सरकवली की पडद्यावरचा एक ठिपका तिच्याबरोबर सरके. पेटीवरील कळ दाबली की ठिपक्याजवळचा शब्द निवडला जाई. त्यांनी घरच्या वाणसामानाची यादी पडद्यावर लिहिली, ती मोडली, पुन्हा वर्गवारीने मांडली. मग पडद्याच्या एका भागात सुमारे ५० किलोमीटर दूर असलेल्या मेन्लो पार्क येथील आपल्या सहकाऱ्याचा चेहरा आणून त्याच्याशी संभाषण केले. नव्वद मिनिटे हा प्रयोग चालला होता. तो संपताच सारी सभा उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे गृहस्थ म्हणजे डग्लस एंगेलबार्ट. आज कोणत्याही शाळेत दिसणारे दृश्य पाहून त्या जाणत्या मंडळींनी थक्क का व्हावे, हे कळण्यासाठी तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. तेव्हाचा संगणक म्हणजे खोली व्यापणारे अवाढव्य यंत्र. त्याला घालावयाचा प्रश्न जाड कागदाच्या पत्त्यांवर छिद्रे पाडून लिहावा लागे. पत्त्यांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हाती द्यावयाचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास वाट पाहावयाची, अशी सर्वसाधारण रीत होती. मनुष्य व यंत्र समोरासमोर बसून काम करतील, ही गोष्ट बहुतेकांच्या स्वप्नातही नव्हती.

एंगेलबार्ट ह्यांच्या मनात मात्र ती पुष्कळ वर्षे घोळत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते अमेरिकेच्या नौदलात रडारचे तंत्रज्ञ होते. फिलिपाईन्समधील एका बेटावर, रेडक्रॉसच्या छोट्याशा वाचनालयात, व्हॅनिव्हर बुश ह्या शास्त्रज्ञांचा एक निबंध त्यांच्या हाती पडला. ज्ञानाचा साठा इतका वाढला आहे, की त्यातून हवे ते हुडकून काढण्यासही आता यंत्राचे साहाय्य लागेल, असे बुश ह्यांचे प्रतिपादन होते. ते बीज ह्या तरुणाच्या मनात रुजले. म्हणजे ह्या कथेतील पहिली कल्पनाही अगदी पहिली नव्हतीच!

हातातील ती पेटी १९६४ च्या सुमारास तयार झाली. कल्पना एंगेलबार्ट ह्यांची. घडविण्याचे काम बिल इंग्लिश ह्या त्यांच्या सहकाऱ्याचे. लाकडाचा पोकळ ठोकळा, त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोन करणारी धातूची दोन चाके, वर एक कळ आणि मागे शेपटीसारखी लोंबणारी तार, असे तिचे रूप होते. त्या शेपटीमुळे कोणीतरी तिला 'माऊस' म्हणजे उंदीर म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. तिचे पेटंट १९७० मध्ये मिळाले. परंतु पेटंटाचा हक्क एंगेलबार्ट जेथे नोकरीस होते त्या संशोधनसंस्थेकडे राहिला. पुढे ह्या संस्थेने तो वापरण्याची परवानगी ॲपल कंपनीस सुमारे ४०,००० डॉलरांना दिली, असे एंगेलबार्ट सांगत. त्यांच्या स्वतःच्या पदरी त्यातून काहीच पडले नाही.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियातील पालो आल्टो ह्या गावी झेरॉक्स कंपनीने एक प्रयोगशाळा उघडली. महाराष्ट्रात गावोगावच्या दुकानांवर 'झेरॉक्स' अशी पाटी दिसते, आणि कागदाची झेरॉक्स काढणे म्हणजे नक्कल काढणे, हे लहान मुलासही ठाऊक असते. हे ज्या कंपनीचे नाव, तिच्याच घरातील कल्पनांची पुढे सर्वत्र नक्कल व्हावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. तथापि झेरॉक्सची प्रयोगशाळा तरी कोऱ्या पाटीवर कोठे लिहीत होती? एंगेलबार्ट ह्यांचे कित्येक सहकारी त्यांना सोडून तेथे गेले होते. माऊस घडविणारे बिल इंग्लिशही त्यांत होते. ते रित्या हाताने गेले. पण त्यांच्याबरोबर माऊस गेलाच.

१९७३ मध्ये ह्या प्रयोगशाळेत 'आल्टो' नावाचा संगणक सिद्ध झाला. तो एका माणसाने एका टेबलाशी बसून वापरावा असा होता. त्याचा पडदा उभ्या कागदासारखा असून जवळजवळ पाच लाख सूक्ष्म बिंदूंचा बनलेला होता. प्रत्येक बिंदू हवा तेव्हा काळा किंवा पांढरा करता येई. हा बदल दिसावयास लहान, परंतु परिणामी फार मोठा होता. पूर्वीच्या यंत्रांच्या पडद्यांवर ठराविक रोमन अक्षरेच उमटत. आता अक्षर हेही एक चित्रच झाले. जे काढता येते ते दाखविता येते, मग ते वर्तुळ असो, चिनी अक्षर असो, की देवनागरीतील जोडाक्षर असो. ह्याच पडद्यावर ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'खिडक्या' मांडल्या. टेबलावर कागद एकावर एक पडलेले असावेत, तशा ह्या चौकटी पडद्यावर एकमेकींवर पडत. एकीत पत्र, दुसरीत चित्र, तिसरीत आकडेमोड. हवी ती चौकट माऊसने वर आणावयाची.

असे शेकडो आल्टो तयार झाले. पण ते कंपनीच्या कचेऱ्यांत, विद्यापीठांत आणि सरकारी खात्यांत राहिले. बाजारात ते कधी आलेच नाहीत. नक्कलयंत्रांच्या व्यापारात मुरलेल्या वरिष्ठांना ह्या नव्या वस्तूचे मोल उमगले नाही, असे सामान्यतः म्हटले जाते. ते पुष्कळसे खरे आहे. मात्र त्या काळी असे एक यंत्र घडविण्यास हजारो डॉलर लागत, हेही विसरता कामा नये.

१९७९ च्या डिसेंबरात त्या प्रयोगशाळेत काही पाहुणे आले. ॲपल ह्या तीनच वर्षांच्या कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स हे त्यांत होते. त्यांचे वय तेव्हा २४ वर्षांचे होते. हे पाहुणे चोरपावलांनी आले नव्हते. ॲपलचे एक लाख शेअर सुमारे दहा लाख डॉलरांना घेण्याची संधी झेरॉक्सला मिळाली होती, आणि तिच्या बदल्यात आपले घर दाखविण्याचे झेरॉक्सच्या वरिष्ठांनी मान्य केले होते. प्रयोगशाळेतील विदुषी ॲडेल गोल्डबर्ग ह्यांना हा सौदा मुळीच रुचला नाही. आपण घरातील ठेवा परक्याच्या ओंजळीत ओतीत आहोत, हे त्यांनी तत्काळ ओळखले. त्यांनी वरिष्ठांशी वाद घातला आणि स्पष्ट हुकूम झाल्यावरच दाखविण्यास संमती दिली. लॅरी टेस्लर ह्यांनी प्रात्यक्षिक केले. पडद्यावरील खिडक्या पाहून जॉब्स ह्यांना एका जागी उभे राहवेना. एवढे धन हाताशी असता हे लोक त्याचे काहीच का करीत नाहीत, असे ते पुनःपुन्हा विचारू लागले. पुढच्याच वर्षी टेस्लर झेरॉक्स सोडून ॲपलमध्ये दाखल झाले.

ॲपलने झेरॉक्सचे काम जसेच्या तसे उचलले, असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. ॲपलच्या बिल ॲटकिन्सन ह्यांची गोष्ट ह्या दृष्टीने मोठी बोधक आहे. एका खिडकीखाली झाकलेल्या दुसऱ्या खिडकीचा जेवढा भाग उघडा असेल तेवढाच यंत्र त्वरेने रेखाटते, असे त्यांना त्या भेटीत दिसले. निदान त्यांना तसे वाटले. परत आल्यावर तीच करामत साधण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले आणि अखेर तिची युक्ती शोधून काढली. पुढे कळले, की झेरॉक्सच्या यंत्रात ती करामत नव्हतीच! जी वस्तू तेथे नव्हती ती पाहिल्याच्या भ्रमातून एक खरा शोध लागला. ह्या युक्तीचा त्यांना इतका ध्यास होता, की एकदा मोटार-अपघातात जबर दुखापत होऊन ते रुग्णालयात पडले असता, भेटीस आलेल्या जॉब्स ह्यांना त्यांनी, आपल्याला ती युक्ती अजून आठवते, असे सांगून आश्वस्त केले.

माऊसचेही तसेच. झेरॉक्सच्या माऊसला तीन कळा होत्या. तो घडविण्यास तीनशे डॉलर लागत आणि तो लवकर बिघडे, अशी जॉब्स ह्यांची तक्रार होती. त्यांना पंधरा डॉलरांच्या आत तयार होणारा, एकाच कळेचा आणि कोणत्याही टेबलावर चालणारा माऊस हवा होता. हे काम ज्या तरुण अभियंत्यांकडे आले, त्यांनी पहिला नमुना लोण्याच्या भांड्याचे झाकण आणि सुगंधी द्रव्याच्या कुपीतील फिरती गोळी ह्यांतून जमविला. विद्वानांच्या प्रयोगशाळेतील उपकरण घराघरांत जाण्याजोगे झाले ते अशा खटपटींमुळे.

ॲपलचा 'लिसा' संगणक १९८३ मध्ये आला. त्याची किंमत ९,९९५ डॉलर. तो फारसा खपला नाही. त्याआधी १९८१ मध्ये झेरॉक्सनेही 'स्टार' नावाचे यंत्र बाजारात आणले होते, परंतु ते १६,००० डॉलरांहून महाग होते. २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलरांचा 'मॅकिंटॉश' आला, आणि खिडक्या व माऊस सामान्य माणसाच्या परिचयाचे झाले.

मॅकिंटॉशवर चालणारे कार्यक्रम लिहिण्यासाठी ॲपलने मायक्रोसॉफ्ट कंपनीस आधीच हाताशी धरले होते व आपल्या यंत्राचे नमुनेही दिले होते. मायक्रोसॉफ्टमध्येही पालो आल्टोहून आलेले लोक होते. तेथे लेखनाचा एक उत्तम कार्यक्रम रचणारे चार्ल्स सिमोनी १९८१ मध्येच तिकडे गेले होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज' म्हणजे 'खिडक्या' ह्याच नावाच्या आपल्या योजनेची घोषणा केली. जॉब्स संतापले. त्यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख बिल गेट्स ह्यांना बोलावून घेतले आणि आपल्या माणसांदेखत विश्वासघाताचा आरोप केला. त्या प्रसंगी हजर असलेले ॲपलचे अँडी हर्ट्झफेल्ड ह्यांनी गेट्स ह्यांचे उत्तर पुढे लिहून ठेवले आहे. गेट्स शांतपणे म्हणाले, की ह्या प्रकाराकडे दुसऱ्या रीतीनेही पाहता येईल: झेरॉक्स हा आपणा दोघांचा श्रीमंत शेजारी, त्याच्या घरातील दूरदर्शन संच चोरावा म्हणून मी आत शिरलो, तो तुम्ही तो आधीच लांबविलेला! उत्तर चलाखीचे होते. पण दाराशी शेअरांचा मोबदला देऊन आत गेलेला पाहुणा आणि खिडकीतून शिरलेला चोर ह्यांतील भेद त्यात सोयीस्करपणे विसरला गेला होता.

२० नोव्हेंबर १९८५ रोजी विंडोजची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील खिडक्या एकमेकींवर येत नसत. फरशीवरील लाद्यांप्रमाणे शेजारीशेजारी बसत. त्याच आठवड्यात ॲपलने मायक्रोसॉफ्टशी एक करार करून त्या आवृत्तीतील दृश्यरचना वापरण्यास परवानगी दिली. मॅकिंटॉशसाठी मायक्रोसॉफ्टने कार्यक्रम लिहीत राहावे, ही त्यामागील निकड होती. १९८७ च्या अखेरीस विंडोजची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा लाद्या जाऊन खिडक्या एकमेकींवर पडू लागल्या. आता ती मॅकिंटॉशसारखी दिसू लागली होती. १७ मार्च १९८८ रोजी ॲपलने न्यायालयात धाव घेतली.

खटला सहा वर्षे चालला. ॲपलने पडद्यावरील १८९ गोष्टींवर बोट ठेवले. त्यांपैकी १७९ गोष्टींना १९८५ च्या करारानेच परवानगी दिली आहे, असे न्यायालयाने ठरविले. उरलेल्या दहांपैकी बहुतेक गोष्टी कोणा एकाच्या स्वामित्वाच्या मानता येत नाहीत, असा निर्णय झाला. पडदा म्हणजे एक टेबल आहे, त्यावर खिडक्या उघडतात, चित्रांनी वस्तू दर्शविल्या जातात, ही मूळ कल्पना कोणासही कुलपात ठेवता येणार नाही. विशिष्ट रेखाटनावर हक्क असेल, कल्पनेवर नाही. १९९४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय कायम केला. इतक्यात १९८९ मध्ये झेरॉक्सही जागी झाली होती आणि तिने ॲपलवर दावा लावला होता. दहा वर्षे उशिरा आलेला हा दावा बव्हंशी फेटाळला गेला. एकाच वेळी ॲपल एका न्यायालयात फिर्यादी आणि दुसऱ्यात आरोपी, असा हा विलक्षण देखावा होता.

ऑगस्ट १९९७ मध्ये बोस्टन शहरात ॲपलची सभा भरली. कंपनी तेव्हा डबघाईस आली होती. बारा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेले आणि नुकतेच परतलेले जॉब्स व्यासपीठावर होते. मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतविणार असून उभयतांमधील तंटे मिटले आहेत, असे त्यांनी जाहीर केले. त्यांच्यामागील प्रचंड पडद्यावर गेट्स ह्यांचा चेहरा उमटताच सभेतून निषेधाचे सूर उठले.

त्याच वर्षी एंगेलबार्ट ह्यांना शोधकांसाठी असलेला लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम पाच लाख डॉलर होती. माऊसच्या पेटंटाची मुदत १९८७ मध्येच संपली होती, आणि जगातील कोट्यवधी टेबलांवर त्या लाकडी पेटीचे वंशज फिरत होते. आपला माऊस इतका पसरला ह्याचा त्यांना आनंद होता. परंतु जे पसरले ते आपल्या कामाचा लहानसा अंश आहे, असे त्यांना वाटे. एकट्या माणसाने टेबलाशी बसून सुखाने पत्रे लिहावीत, एवढ्यासाठी त्यांचा प्रयोग नव्हता. दूरदूरच्या अनेक माणसांनी आपल्या बुद्धी एकत्र जोडून जगाचे बिकट प्रश्न सोडवावेत, आणि यंत्राने त्यांस साहाय्य करावे, हा त्यांचा मूळ हेतू होता. १९६८ च्या त्या सभेत वाणसामानाच्या यादीनंतर त्यांनी दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर आणला होता तो ह्याचसाठी. माऊस सर्वांनी घेतला, खिडक्या सर्वांनी घेतल्या. त्यांच्या हेतूवर हक्क सांगण्यासाठी मात्र कोणी न्यायालयात गेले नाही.