मागच्या सीटवर कोण बसणार?

देवास

चि. बाळ,

तुझी विजेवरची आलिशान गाडी चाचणीसाठी पीथमपूरला येणार हे वाचून ऊर भरून आला. आपल्या धार जिल्ह्यातला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला, त्यावर घरचा मुलगा गाडी आणतोय! पण तुझ्या पत्रात वेगाचेच आकडे आहेत, गाडीत बसणाऱ्याबद्दल दोन ओळीही नाहीत. म्हणून लगेच लिहायला बसलो.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी दोनशेची हौस म्हणजे मोठी बॅटरी, तिच्यासोबत वजन आणि किंमत. इतकी महाग गाडी घेणारा आपल्याकडे बहुधा ड्रायव्हर ठेवतो आणि मागे बसतो. बॅटरी पायाखाली घातली की गाडीचा तळ उंच होतो, मागच्याचे गुडघे वर येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि दोन तासांत कंबर धरते. पोर्शने टायकानसारख्या बुटक्या गाडीत मागच्यांच्या पावलांसाठी बॅटरीतच खळगे सोडले. थोडी बॅटरी गेली, पण माणूस नीट बसला. असं काय सोडायचं ते आत्ताच ठरव. साचे तयार झाल्यावर फार महागात पडतं.

किनेटिक होंडा स्कूटर याच पीथमपूरला बनायची. गिअर बदलायचे नाहीत, बटण दाबलं की सुरू. ज्यांनी कधी स्कूटरला हात लावला नव्हता, त्या बायकाही ती चालवू लागल्या. किनेटिकच्या फिरोदियांच्या त्या स्कूटरचा ग्राहक कोण, हे सांगावं लागत नव्हतं. तुझा ग्राहक मला अजून दिसत नाही.

दुसरं मॉडेल इतक्यात दाखवू नकोस. गुंतवणूकदार मागतील, तरी नाही. आधी दोन-तीन शहरांतच वीक, पण तिथे सुटे भाग आणि हाताखाली तयार केलेले मेकॅनिक ठेव. गाड्या बनवणाऱ्या हेन्रिक फिस्करच्या पहिल्या कंपनीला बॅटरी देणारी एकच कंपनी होती. ती २०१२ मध्ये बुडाली, पुढच्या वर्षी फिस्करही. त्याची दुसरी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ओशन गाडीच्या मालकांनाच संघटना करून सुटे भाग आणि सॉफ्टवेअरची सोय बघावी लागली. लाखो रुपये मोजणाऱ्यावर ही वेळ आणणं मला पाप वाटतं. बॅटरीचे सेल दोन ठिकाणांहून घे, थोडे महाग पडले तरी.

आणि चाचणी मे महिन्यात कर. माळव्याच्या उन्हात एसी आणि बॅटरीचं कूलिंग एकाच वेळी वीज ओढतात. त्या दिवशी जेवढी रेंज मिळेल तेवढीच जाहिरातीत छाप.

ट्रॅकवरचं काम संपलं की गाडी धारला ने. आत्याला मागे बसव आणि इंदूरमार्गे इकडे घेऊन ये. ती काय म्हणते ते लिहून घे आणि तुझ्या इंजिनिअरांना वाचून दाखव.

तुझा,
काका