मॅग्नेशियम की कॅल्शियम: द्रावक बदलून लुईस आम्लता मोजताना

भेडाघाटच्या संगमरवरात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही आहे. जबलपूरच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी लुईस आम्लता मोजायला हीच जोडी घ्यावी. दोघांचा भार +२. पण मॅग्नेशियम लहान, म्हणून समोरच्या अणूची इलेक्ट्रॉन-जोडी तो जास्त जोराने ओढतो. किती जोराने, हे द्रावकावर ठरतं. क्षार मात्र शुद्ध, विकतचेच घ्या.

आधी पाणी. धनायन स्वतःला चिकटलेल्या पाण्याच्या रेणूतला प्रोटॉन सैल करतो. त्याचे पीकेए साधारण असे: अॅल्युमिनियम ५, झिंक ९, मॅग्नेशियम ११.४, कॅल्शियम १२.८. म्हणून ०.१ मोलर अॅल्युमिनियम नायट्रेटचा पीएच ३ च्या आसपास येतो. मॅग्नेशियम-कॅल्शियमचा फरक पीएच मीटरवर असा दिसणार नाही, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच उघड्या डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ५.६ पर्यंत उतरतो. पाणी उकळून, झाकून गार केलं तरी या दोघांसाठी पीएचच्या आकड्यावर विसंबू नका.

त्यांच्यासाठी गुटमन-बेकेट पद्धत. ट्रायइथिलफॉस्फिन ऑक्साइडचा ऑक्सिजन धनायनाला धरतो आणि फॉस्फरसचा एनएमआर सिग्नल सरकतो. ॲसिटोनायट्राइलमध्ये त्याचं ०.०१ मोलर द्रावण करा, कॅपिलरीत ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल शून्य म्हणून ठेवा आणि धातू न घालता पहिलं वाचन घ्या. हे वाचन कधीही टाळू नका. मग धातूचं ट्रायफ्लेट थोडं थोडं घाला, सिग्नल सरकायचा थांबेपर्यंत. स्वीकारांक = २.२१ × (सिग्नल − ४१.०). सेंद्रिय द्रावकात परक्लोरेट वापरू नका, स्फोटाचा धोका असतो. लोह, तांबे यांचे चुंबकीय आयन सिग्नल पसरवतात. त्यांना इथे जागा नाही.

आता तेच सगळं डीएमएसओत करा. खरी गंमत इथेच आहे. धातूविना वाचन जवळपास तेवढंच येईल, कारण दोन्ही द्रावकांचे स्वीकारांक १८.९ आणि १९.३ आहेत. पण दातृत्वांक, म्हणजे इलेक्ट्रॉन-जोडी देण्याची ताकद, १४.१ आणि २९.८! डीएमएसओ धनायनाला स्वतःच घट्ट वेढतो, फॉस्फिन ऑक्साइडच्या वाट्याला थोडंच उरतं, आणि सिग्नल कमी सरकतो. म्हणून वहीत धातूच्या आकड्याशेजारी द्रावक, सांद्रता आणि प्रति-आयन लिहाच.

जबलपुरात जुलै ते सप्टेंबर हवा दमट असते आणि ट्रायफ्लेट हवेतलं पाणी भराभर शोषतं. ते निर्वात ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर वाळवा, ॲसिटोनायट्राइल ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलेक्युलर सीव्हवर ठेवा आणि नळी भरली की लगेच बंद करा.