पोरी, गाडीचं म्हणणं ऐकून घे

बेल्याहून आदिलाबादला रोज स्वतः गाडी घेऊन जातेस, याचं मला फार कौतुक आहे. पण परवा दारात गाडी वळवताना पुढून 'कट-कट' आलं आणि तू गाण्याचा आवाज वाढवलास, तेही मी ऐकलं बरं का. तो आवाज शॉकअपच्या माउंटिंगचा असावा. बॉनेटखाली, शॉकअपच्या डोक्यावर बसवलेली रबर-लोखंडाची ती चकती. गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचा भार तिच्यावर, आणि स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंग फिरते तीही तिच्याजवळच्या बेअरिंगवर. दुखणं लहान आहे, तोवरच चार गोष्टी सांगून ठेवतो.

१. महिन्यातून एकदा गाणी बंद, काचा खाली करून गाडी गावच्या रस्त्यावर चालव — ४४ नंबरच्या हायवेवर झिजलेलं रबरही गप्प बसतं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरचा रस्ता लाटालाटांचा होतो; दडलेला आवाज तिथे बाहेर पडतो.

२. गाडी सपाट जागी उभी कर, हँडब्रेक ओढ, इंजिन चालू ठेव आणि दादाला स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग. तू बॉनेट उघडून माउंटिंगच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेव (स्प्रिंगच्या वेटोळ्यात बोटं अजिबात नकोत) — बेअरिंग ठीक असेल तर हाताला काहीच लागत नाही. अडकत असेल तर स्प्रिंग पीळ धरून ठेवते आणि एकदम सोडते. तो हिसका तळहाताला स्पष्ट कळतो, सोबत 'टण्ण' असा आवाजही येतो.

३. मेस्त्रीला नुसतं "आवाज येतो" म्हणू नकोस. वळताना येतो, गतिरोधकावर येतो की एकाच चाकाच्या खड्ड्यात येतो, ते सांग — लिंक रॉड आणि बॉल जॉइंटही असेच ठकठकतात. अर्धवट सांगितलं की चांगले पार्ट बदलले जातात आणि आवाज तिथेच राहतो.

४. टायरची आतली कड हाताने चाचपून बघत जा — एकाच बाजूने झिजत असेल तर चाकाचा कोन बिघडलाय.

५. बदलायचं ठरलं की दोन्ही बाजूंची माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप आणि डस्ट कव्हर एकदमच बदल — माउंटिंगपर्यंत पोचायला अख्खा शॉकअप खाली उतरवावाच लागतो. मी म्हणतो ना, खोललेलं काम पुरं करावं, मजुरी दोनदा भरू नये.

६. आता हे नीट ऐक. स्प्रिंग कम्प्रेसरने दाबून तिचा ताण निघाल्याशिवाय शॉकअपच्या वरचा मधला नट कुणालाही सोडू देऊ नकोस — स्प्रिंग आधीच दाबून बसवलेली असते. नट सुटला की ती माउंटिंगसकट उडते आणि समोरच्या माणसाचा जबडा फोडते, जीवही घेऊ शकते. "तारेने बांधून काढतो, ताई" म्हणणाऱ्याला नमस्कार कर आणि गाडी दुसरीकडे ने. हे काम अंगणात करायचं नाही, दादानेही नाही.

७. गाडी नुसत्या जॅकवर असताना कुणी खाली जायचं नाही, आधी घोडे (जॅक स्टँड) लावायचे — जॅकला दया नसते.

८. मधला नट एअर गनने आवळू देऊ नकोस आणि नवाच लावून घे — गनने शॉकअपचा दांडा गरगर फिरतो, ऑइल सील जातं. नायलॉनची कडी असलेला नट तर एकदाच धड पकडतो.

९. मागच्या शॉकअपचंही काम निघालं तर त्याचा खालचा बोल्ट, बुशवाला, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचा आवळायचा — चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

१०. काम झालं की अलाइनमेंट करूनच हायवेला लाग — नाहीतर नवे टायर नागपूरच्या फेऱ्यांतच खरवडून निघतील.

११. धुताना गाडीखाली डिझेल मारू देऊ नकोस, साधं पाणी पुरे — डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं. एक तर आपला मे महिना त्याला भाजून काढतोच. त्यात तेल नको.

१२. पौषात केसलापूरला नागोबाच्या जत्रेला निघालीस की पाचांच्या गाडीत आठ कोंबू नकोस, आत्याने कितीही गळ घातली तरी. खड्डा दिसला तर ब्रेक आधी मार आणि खड्ड्यात उतरताना सोड — ब्रेक दाबलेला असला की गाडी पुढे झुकते, स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि उरलेला सगळा मार माउंटिंग खातं.

१३. जुनी माउंटिंग मेस्त्रीकडून मागून घे आणि अंगठ्याने रबर दाबून बघ — भेग कुठून सुरू झाली, रबर लोखंडापासून कुठे सुटलं, ते एकदा डोळ्यांनी बघितलंस की पुढच्या वेळी टॉर्च मारून तुझं तुलाच ओळखता येईल.