कागदावरील गुरे आणि गोठ्यातील गुरे

रत्नागिरी जिल्ह्यात गुरे किती, हा प्रश्न वरकरणी सोपा भासतो. आपल्या देशात १९१९-२० पासून पशुगणना होत आली असून २०१९ च्या विसाव्या गणनेत देशातील पशुधन सुमारे ५३ कोटी ५८ लाख भरले. अशी दीर्घ परंपरा अनेक विकसनशील देशांना लाभलेली नाही. इथिओपियात तर भटक्या पशुपालकांचे मोठे प्रदेश वार्षिक नमुना पाहणीतून दीर्घकाळ वगळले जात. तथापि आकडा जन्मतो तो गोठ्याच्या दारात, आणि कोकणातील गोठा शोधावा लागतो.

येथील घरे डोंगरउतारावर वाडीवाडीने विखुरलेली. घरधनी मुंबईस आणि गाय शेजाऱ्याच्या गोठ्यात, हे नित्याचेच. अशी गाय दोन्ही घरी नोंदली जाण्याचा किंवा कोठेच न नोंदली जाण्याचा संभव असतो. शिवाय भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे ऐन कापणीच्या हंगामात, सुरू झाली. नोंद मोबाईलवर झाली तरी दुपारी जाणाऱ्या प्रगणकास रिकामी दावणच दिसणार. मग मालक सांगेल तो आकडा. "गुरे किती?" असे मोघम विचारल्यास भाकड गाय आणि नुकते जन्मलेले वासरू हमखास राहून जाते. दुभती, गाभण, भाकड, बैल, पाडे, पाड्या असे एकेक विचारावे.

जुन्या आकड्यांशी तुलना करतानाही सावधगिरी हवी. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचे व नंतरचे आकडे तालुकावार जुळवून न घेतल्यास हजारो गुरे एकाएकी नाहीशी झाल्याचा भास होतो! 'कोकण कपिला' या गाईची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी २०१८ मध्ये झाली. तत्पूर्वी ती सरसकट गावठी गुरांत धरली जाई. तेव्हा ही जात वाढली की घटली, हे जुन्या गणना सांगू शकत नाहीत.

या चुकांची किंमत पशुपालकास मोजावी लागते. लाळ-खुरकुताच्या लसीची मागणी गुरांच्या संख्येवरून ठरते. कागदावर ३०० आणि प्रत्यक्षात ३४० गुरे असलेल्या गावी ४० जनावरे लसीवाचून राहतील. दूध उत्पादनाचा अंदाजही दुभत्या जनावरांच्या संख्येवरच उभा असतो.

यावर एक उपाय हाताशी आहे. लसीकरणाच्या वेळी नोंदलेल्या कानातील बारा अंकी बिल्ल्यांची संख्या गणनेच्या आकड्याशेजारी मांडावी. तफावत मोठी दिसल्यास त्या वाडीत पुन्हा जावे. शक्यतो दिवेलागणीस, गुरे गोठ्यात परतल्यावर.